मालवणहून घरी काय न्यावं, आणि नेलेलं टिकवावं कसं?

घाटमाथा

नमस्कार. मेच्या शेवटच्या आठवड्यात कुडाळ, मालवण, वेंगुर्ला असा पाच दिवसांचा दौरा ठरलाय. परतीला कुडाळहून रेल्वेने ठाणे आणि तिथून गाडीने पुणे. घरच्यांसाठी, शेजारीपाजारी आणि नातेवाइकांसाठी तिथला खाऊ आणायचा आहे. चिक्की-चिवड्याची पाकिटं नकोत, ती पुण्यातही मिळतात. जे तिथे पिकतं, तिथेच वाळवलं किंवा रांधलं जातं, असंच हवंय.

प्रश्न असे आहेत:

आमसुलं, आगळ आणि कोकम सरबत यातलं काय घ्यावं? दुकानात चांगला माल ओळखायचा कसा?

आंबापोळी आणि फणसपोळी जुलै उजाडेपर्यंत बुरशी का धरते?

काजूच्या पाकिटावरच्या १८०, २४०, ३२० या आकड्यांचा अर्थ काय?

सोडे आणि सुके बोंबील एसी डब्यातून आणता येतील का, की वासाने सगळा डबा उठेल?

शिवाय एक छोटी पिशवी जूनमध्ये बहिणीकडे म्यूनिकला जायची आहे. त्यात काय चालेल?

---

रातांबा

वेळ चांगली साधली आहे तुम्ही. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मेमध्ये पिकतात, त्यामुळे मेअखेर यंदाची आमसुलं बाजारात आलेली असतात. दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा: यंदाची की गेल्या सालची? जुनी वाईट असतात असं नाही, पण भाव नव्याचा देऊन जुनी का घ्यायची?

तिन्हीतला फरक आधी समजून घ्या, कारण गोंधळ तिथेच होतो. पिकलेला रातांबा फोडून गर आणि बिया बाजूला काढतात. साली उन्हात घालतात. गराला मीठ लावलं की रस सुटतो, त्या रसात साली रोज बुडवायच्या आणि पुन्हा वाळवायच्या. अशी पाच-सहा पुटं दिली की झालं आमसूल. भरपूर मीठ घालून टिकवलेला तोच रस म्हणजे आगळ. साधारण सातवा-आठवा हिस्सा मीठच असतं त्यात, म्हणून आगळ फ्रिजबाहेरही वर्षभर राहतं. सालीत साखर भरून, ती उन्हात विरघळवून जो पाक काढतात ते अमृत कोकम, म्हणजे सरबताचं. एक किलो सालीला दीड-दोन किलो साखर लागते. सोलकढीला आगळ, आमटी-कालवणाला आमसूल, पाहुण्यांना सरबत. आगळाची बाटली सरबत समजून पाण्यात ओतली की तोंड खारट होतं, म्हणून भेट देताना बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहून द्या.

आमसूल बोटांत धरून वाकवा. चांगलं असेल तर चामड्यासारखं लवतं, मोडत नाही. रंग काळपट जांभळा हवा. तपकिरी, कडक आणि हलकं असेल तर पुटं कमी दिलीत किंवा माल जुना आहे. वरून पांढरे मिठाचे खडे दिसत असतील तर वजनात तुम्ही मीठ विकत घेताय. फार ओलं, बोटाला रस लागणारं आमसूलही नको. तेही वजन वाढवायलाच ओलं ठेवलेलं असतं आणि प्रवासात पिशवीला पाणी सुटतं.

रंगाची खात्री करायची असेल तर दोन आमसुलं अर्धी वाटी कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा. गडद लाल पाणी झालं की त्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. फेस येईल आणि लाल रंग मोडून निळसर-काळपट होईल. कोकमाचा रंग असाच वागतो, आंबटपणा गेला की बदलतो. सोडा घालूनही पाणी तसंच लालभडक राहिलं तर बाहेरचा रंग मिसळलेला आहे. सरबताच्या बाटलीची परीक्षाही अशीच घ्यायची, एका चमच्यात पाणी घालून. सरबतात ही भेसळ जास्त सापडते.

किती न्यायचं: चार माणसांच्या आमटीला चार-पाच आमसुलं पुरतात, म्हणजे एका घराला पाव किलो वर्षभर जातं. आगळाची अर्ध्या लिटरची एक बाटली पुरे. सोलकढीला एका मध्यम नारळाच्या दुधात (साधारण तीन वाट्या) तीन मोठे चमचे आगळ घालून बघा, मग चव घेऊन वाढवा. मीठ सर्वांत शेवटी, कारण आगळात ते आधीच आहे. आणि सोलकढी उकळायची नाही, फुटते.

घरी आल्यावर आमसुलं काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणीत. ॲल्युमिनियम, पितळ अजिबात नको. आंबटपणा धातू खातो आणि डबा काळा पडून चव बिघडते. स्टीलचा डबाही महिनोन्महिने ठेवायला नको. प्लास्टिकची पिशवी फक्त प्रवासापुरती.

पोळ्यांबद्दल संध्याकाळी लिहितो.

---

काजूगर

काजूच्या आकड्यांबद्दल. ३२० म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, सुमारे ३०० ते ३२० अख्खे गर. आकडा लहान तितका काजू मोठा. पाकिटावर विश्वास ठेवायचा नसेल तर १०० ग्रॅम काजू तोलून मोजा: १८०चे असतील तर ३७-४०, २४०चे ४८-५३ आणि ३२०चे ६६-७० भरतात. २४० सांगून ३२० विकलेला या मोजणीत लगेच कळतो.

पण चवीचा आणि आकाराचा काही संबंध नाही. मोठा काजू दिसायला राजबिंडा म्हणून महाग. भाजी, उसळ, वाटण, कतली यासाठी पाकळी घ्या, म्हणजे दोन फाका झालेला काजू. चव तीच, भाव बराच कमी. भेट द्यायचे तेवढेच २४० घ्या.

वेंगुर्ल्याला जाताय तर सालीसकट भाजलेले काजू नक्की घ्या. वरची तांबडी साल खाताना चोळून काढायची. साल असली की हवा आणि ओल लवकर पोचत नाही, म्हणून सोललेल्यापेक्षा ते जास्त दिवस कुरकुरीत राहतात आणि भाजल्याची चवही राहते. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे. तिथलं फळ संशोधन केंद्र १९५७ पासूनचं. वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ ही कलमं तिथलीच.

घेताना एक काजू दातांखाली मोडा. कट्‌ असा आवाज येऊन तुटला पाहिजे. रबरासारखा दबला तर ओल धरली आहे, आठ दिवसांत खवट होईल. ज्या काजूवर तपकिरी तेलकट डाग असेल तो वेगळा काढा. टरफलातलं तेल लागलेलं असतं, ओठ भाजतात.

ओल्या काजूगराची उसळ आवडत असेल तर वाळवलेले काजूगरही मिळतात. ताजे मार्च-एप्रिलचे, मेअखेर हातात वाळवलेलेच येणार. रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी साल काढली की निम्मं काम झालं. भाजलेल्या काजूपेक्षा ही वस्तू पुण्यात शोधून सापडणार नाही, म्हणून पैसे यावर आधी घालवा.

---

बंदरकाठ

सुकी मासळी मेमध्येच घ्यावी. १ जूनपासून मासेमारीबंदी आणि पाऊस दोन्ही सुरू होतात, वाळवण बंद पडतं. म्हणून किनाऱ्यावरची घरं आगोटीची बेगमी, म्हणजे पावसाळ्यासाठीची साठवण, याच दिवसांत करतात. तुम्हालाही तोच माल मिळेल, पण गर्दीमुळे भाव चढे असतील. आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी लवकर गेलात तर निवडून घेता येतो.

सोडे: सोललेली कोळंबी वाळवली की सोडे. रंग फिका नारिंगी-गुलाबी हवा. नखाने मोडून बघा, आत ओलसर, पिठूळ लागले तर घेऊ नका. भडक नारिंगी असतील तर रंग लावलेला असू शकतो. ओल्या बोटाने चोळलं की कळतं. सोडे महाग का, असा प्रश्न पडतो. डोकं, साल काढून, वाळून जे उरतं ते मूळ कोळंबीच्या कितीतरी कमी वजनाचं असतं. म्हणून पाव किलो सोडे म्हणजे बरेच सोडे, एका घराला पावसाळाभर पुरतात.

बोंबील: दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या वलांडीवर टांगून वाळवतात. तसे वाळलेले सरळ, स्वच्छ आणि पांढरट पिवळे असतात. जमिनीवर वाळवलेल्याला वाळू लागते, ती कितीही धुतली तरी दाताखाली येते. जवळ्याचंही तसंच. जवळा घेताना मूठभर कागदावर घेऊन हलवा, कागदावर रेती उरली तर दुसऱ्या टोपलीकडे वळा.

खारा बांगडा घेत असाल तर पोट उघडून बघा. गुलाबी-लालसर डाग दिसले तर सोडून द्या. मिठातही वाढणारे जंतू असतात, त्यांचा तो रंग. मासा बिघडायला लागल्याची खूण आहे ती. कल्ल्यापाशी बारीक भुसा दिसला तर कीड.

आता डब्याचा प्रश्न. वास कोरड्या मासळीचा कमी आणि दमट मासळीचा जास्त येतो. म्हणून बाजारातून आणल्यावर लॉजच्या गच्चीवर दोन तास ऊन दाखवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच बांधा. गरम असताना बांधली की पिशवीत घाम सुटतो, आणि पुढची सगळी बिघाड तिथून. बांधणी अशी: आधी वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळी, मग जाड प्लास्टिकची झिपवाली पिशवी हवा पूर्ण दाबून काढून, मग घट्ट झाकणाचा डबा, आणि डब्याच्या झाकणाला सगळीकडून चिकटपट्टी. बोंबील लांब असतात, ते आधी मध्ये कापून घ्या, नाहीतर टोकं पिशवी भोसकतात. एवढं केलं तर शेजारच्या बर्थवरच्यालाही पत्ता लागत नाही.

घरी पोचल्यावर त्याच दिवशी डबा उघडा. पुन्हा एक ऊन द्या आणि काचेच्या बरणीत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. खालच्या कप्प्यात ठेवलेली मासळी ओल धरते, फ्रीझरमध्ये पावसाळा काढते. वापरताना सोडे कोमट पाण्यात दहाच मिनिटं भिजवा. तासभर ठेवले तर चव पाण्यात जाते आणि तुम्ही ते पाणी ओतून देता.

---

रातांबा

पोळ्यांकडे येतो.

आंबापोळी, म्हणजे साठ, थरांवर थर देऊन होते. ताटाला तुपाचा हात लावून आटवलेला किंवा कच्चा रस पातळ पसरायचा, वाळला की वर दुसरा थर. चांगल्या पोळीला आठ-दहा दिवसांचं कडक ऊन लागतं. बुरशीचं कारण याच कामात असतं: खालचा थर ओला असताना घाईने वरचा ओतला की मधे ओल अडकते. बाहेरून पोळी खडखडीत दिसते, आतून जुलैत फुलते. म्हणून घेताना कडेचा तुकडा फाडून मागा. फाटलेल्या कडेवर थर बारीक रेघांसारखे दिसले पाहिजेत, ओली चकाकी दिसता कामा नये. बोटाने दाबली तर खड्डा राहू नये. जाड पोळी घेण्यापेक्षा पातळ घ्या, ती पुरी वाळलेली असण्याची शक्यता जास्त.

रंग एकसारखा केशरी पिवळाधमक असेल तर सावध. रायवळ, म्हणजे गावठी आंब्याच्या पोळीचा रंग गडद, तपकिरीकडे झुकणारा आणि जागोजागी वेगळा असतो, कारण वाळताना रस काळवंडतोच. चव आंबटगोड, किंचित धागे लागतात. हापूसची पोळी मऊ आणि गोड असते. मला विचाराल तर रायवळची घ्या. हापूसचा आंबा ताजा खावा, पोळीत आंबटपणा हवा.

पोळीवर पांढरे ठिपके दिसले की लोक घाबरून फेकून देतात. नखाने खरवडून बघा. खडखडीत, वाळूसारखे दाणे असतील तर ती साखर आहे, खायला काही हरकत नाही. कापसासारखं मऊ, उचलून येणारं असेल आणि कुबट वास असेल तर बुरशी. मग ती पूर्ण पोळी टाकायची. वरचा भाग पुसून खायची नाही.

फणसपोळी बरक्या फणसाची होते, कारण त्याचा गर गळगळीत असतो. तळलेले गरे काप्याचे. फणसपोळी जात्याच जास्त चिकट, म्हणून एकीवर एक ठेवली की पुण्यात पोचेपर्यंत एकच लादी होते. प्रत्येक दोन पोळ्यांमध्ये बटर पेपर घाला, किंवा बटर पेपर आत घेऊन पोळीची गुंडाळी करा. गाडीत इंजिनाच्या बाजूला किंवा मागच्या काचेखाली ठेवू नका.

पुण्यात पहिला पाऊस पडायच्या आत पोळ्या हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये टाका. फळीवर ठेवलेली पोळी जुलैत हमखास ओल धरते, मग ती कितीही चांगली वाळलेली असू दे.

तळलेल्या गऱ्यांचं वेगळं. ते खोबरेल तेलात तळलेले असतील तर चव छान, पण दोनेक महिन्यांत खवट होतात. पाकिटावरची तारीख बघा आणि आणल्या आणल्या खाऊन टाका. भेट म्हणून साठवून ठेवायची ही वस्तू नाही.

---

घाटमाथा

एवढं सविस्तर कुठेच वाचायला मिळालं नसतं, मनापासून आभार. अजून दोन गोष्टी: मालवणी खाजा कधी घ्यावा? आणि तिरफळं, कुळथाचं पीठ न्यावं का? म्यूनिकच्या पिशवीबद्दलही कोणी सांगा.

---

बंदरकाठ

खाजा शेवटच्या दिवशीच. बेसनाची जाड कांडी तळून ती आल्याच्या गुळाच्या पाकात घोळवतात. पाक पक्का असेल तर वर गूळ कोरडा, पांढुरका बसतो आणि कांडी आतून कुरकुरीत राहते. हाताला चिकटला तर पाक कच्चा राहिलाय, मेच्या दमट हवेत दोन दिवसांत पिशवीभर गोळा होईल. कागदाच्या पुडीतला तिथेच खायचा, न्यायचा तो लगेच घट्ट डब्यात. चावताना आल्याचा झणका आला पाहिजे. नुसता गोड लागला तर आल्यात हात आखडता घेतलाय.

तिरफळं जरूर न्या, वजनाला काहीच नाहीत. तोंड उघडलेली, आतली काळी बी काढलेली घ्या. ती बी कडू आणि कचकचीत, चुकून वाटणात गेली तर कालवण बिघडतं. बांगड्याच्या तिखल्याला (तिखट कालवणाला) सहा-आठ तिरफळं ठेचून घाला, बारीक वाटायची नाहीत. काचेच्या बाटलीत वर्षभर राहतात. वास घेऊन घ्या: नाकात झिणझिण्या आल्या तर ताजी, नुसता पाचोळ्यासारखा वास आला तर जुनी.

कुळथाचं पीठ कुळीथ भाजून, भरडून, साल पाखडून दळलेलं हवं. कच्च्या कुळथाचं पीठ पिठीला, म्हणजे या पिठाच्या पातळ कालवणाला, उग्र लागतं. चिमूटभर जिभेवर ठेवलं की भाजलेल्याचा खमंगपणा कळतो. पिठात कीड लवकर होते, म्हणून घरी आणल्यावर तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग बाहेर काढून डबा खोलीच्या हवेइतका झाला की उघडा. थंड असताना उघडलात तर पिठाला पाणी सुटेल. पिठीला एक वाटी पाण्यात दोन चमचे पीठ पुरतं, त्यामुळे अर्धा किलो पुष्कळ.

---

राईनकाठ

म्यूनिकच्या पिशवीबद्दल. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा, श्रीखंड सगळं बाहेर. ताज्या फळभाज्यांना वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यातून सूट फक्त अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर या पाच फळांना. म्हणजे हापूसची पेटी नाही, कढीपत्त्याच्या डहाळ्या नाहीत, ओले रातांबे नाहीत.

आमसुलं, सालीसकट भाजलेले काजू, तिरफळं, कुळथाचं पीठ, मसाला, खाजा हे सगळं वाळवलेलं किंवा शिजवलेलं, त्यात अडचण नाही. फक्त खाजा आणि आंबापोळीबद्दल एक प्रश्न दुकानात विचारा: तूप वापरलंय का? पोळीच्या ताटाला तुपाचा हात लावतात, असं वर आलंच आहे. तेलाचा हात लावलेलीही मिळते, ती घ्या. सुकी मासळी स्वतःच्या खाण्यापुरती, माणशी २० किलोपर्यंत चालते, म्हणून पाव किलो सोडे निश्चिंत न्या. मात्र बहिणीच्या बिल्डिंगमध्ये तळायच्या आधी खिडक्या उघडायला सांगा, तिथे वासावरून तक्रारी होतात.

विमानाच्या बाबतीत दोन गोष्टी. सुकं खोबरं हातातल्या सामानातही नको आणि चेक-इनमध्येही नको. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत मोजतात. घरगुती मालवणी मसाल्यात भाजलेलं खोबरं घातलंय का ते विचारून घ्या, नुसत्या मिरच्या आणि गरम मसाल्याचा घेणं सोपं.

आगळ, सरबत, लोणचं हे द्रवात मोजतात, म्हणून १०० मिलीपेक्षा जास्त असेल तर चेक-इनमध्येच. काचेची बाटली नको. प्लास्टिकच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरू नका, दोन बोटं जागा सोडा. झाकण उघडून तोंडावर जाड प्लास्टिकचा तुकडा ठेवा, त्यावर झाकण घट्ट फिरवा, वर चिकटपट्टी, मग झिपची पिशवी, मग दुसरी झिपची पिशवी, आणि बॅगेच्या मधोमध जुन्या टॉवेलात. आगळाचा डाग कपड्यावरून निघत नाही, म्हणून पांढरे कपडे दुसऱ्या बॅगेत.

साखरेचं सरबत घरगुती आणि कमी साखरेचं असेल तर जून महिन्यात आंबून बाटली फुगते. बाटलीचं पोट दाबून बघा, टणक लागलं किंवा झाकण उघडताना फुस्स झालं तर ते पाठवू नका. म्यूनिकला आगळच बरं. तिथे नारळाच्या दुधाचा डबा मिळतो. एका ४०० मिलीच्या डब्यात तेवढंच पाणी घालून तीन चमचे आगळ, दोन लसूण पाकळ्या ठेचून, एक हिरवी मिरची. डब्यातलं दूध दाट असतं, पाणी घातलं नाही तर सोलकढी जिभेवर चिकटते.